प्रभातपासून 'सिंहासन'पर्यंत : एका हौशी प्रेक्षकाची रोखठोक मते

मागची खुर्ची (मूळ लेख) :

'संत तुकाराम' हा चित्रपट तुकोबांपेक्षा जिजाईमुळे थोर झाला आहे, आणि 'पिंजरा' शेवटचा भाग वगळता मला सोसवत नाही. ही दोन विधाने चारचौघांत केली, की पहिल्यावर माना डोलतात आणि दुसऱ्यावर कपाळाला आठ्या पडतात. चित्रपटव्यवसायाशी माझा काडीचाही संबंध नाही, रसग्रहणाचा कोणताही अभ्यासक्रम मी केलेला नाही आणि कॅमेऱ्याच्या भिंगांविषयी मला काही कळत नाही. मात्र प्रभात फिल्म कंपनीच्या काळापासून सत्तरच्या दशकाअखेरपर्यंतचे जे गाजलेले मराठी चित्रपट हाती लागले ते मी पाहिले, काही पुन्हा पुन्हा पाहिले, आणि त्यांतले कोणते आजही जिवंत वाटतात व कोणते केवळ आदरापोटी पूर्ण करावे लागतात, याविषयी माझे एक मत बनले आहे.

ते असे. ज्या जुन्या चित्रपटांत माणसांच्या हाताला काम आहे, ते टिकले. ज्यांत माणसे हातातले काम टाकून, अर्धवट प्रेक्षकांकडे वळून, एकमेकांना विचार ऐकवत उभी राहतात, ते शिळे झाले. मग तो विचार कितीही उदात्त असो. अभिनयाची शैली बदलते, कॅमेरा बदलतो, भाषाही बदलते. परंतु भाकरी थापणारी, दळणारी, गुरांमागे धावणारी बाई १९३६ साली जशी दिसत असे तशीच ती आजही पटते.

'संत तुकाराम' १९३६ सालचा. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे. त्यांपैकी दामले हे प्रभातचे ध्वनीचे जाणकार आणि फत्तेलाल हे कलादिग्दर्शक. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे शाळेपासून ऐकत आलो आहोत. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहताना हात जोडावेसे वाटतात, हे मान्य. पण त्या चित्रपटाची जमीन आहे ती गौरी यांची जिजाई. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि ही बाई शेण, म्हैस, चूल, पोरे यांतून क्षणभर मोकळी होत नाही. तिचे बोलणे सगळे कामातून येते. मुलगा आजारी पडल्यावर ती पायातले पायताण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, ते दृश्य आजच्या कोणत्याही चित्रपटात आले असते तर त्यावर किती गदारोळ झाला असता, याची कल्पना करवत नाही. आणि तरीही त्या दृश्यात देवाची विटंबना कुठेही जाणवत नाही, कारण ती देवाशीही शेजाऱ्याशी भांडावे तशी भांडते. डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणारी आणि घास पुढे करताना त्याच्या देवाला दूषणे देणारी जिजाई हे मराठी पडद्यावरचे मला माहीत असलेले सर्वांत खरे दाम्पत्यचित्र आहे. प्रेम हा शब्दही न उच्चारता ते तिथे दिसते.

याच चित्रपटातले चमत्कार मात्र मला कंटाळवाणे वाटतात. इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या ठीक. पण शत्रूला जिकडेतिकडे शिवाजी महाराजच दिसू लागतात, तो ट्रिक शॉटचा खेळ त्या काळी अपूर्व असला तरी आज तो मूळ गोष्टीत ठिगळासारखा दिसतो. शेवटचे गरुडाचे विमानही तसेच. त्या प्रसंगात माझे लक्ष विमानाकडे जात नाही. वैकुंठाला चला म्हणणाऱ्या नवऱ्याबरोबर न जाता मागे राहिलेल्या बाईकडे ते जाते. सगळे गाव आकाशाकडे पाहत असताना तिचे काय उरले, हा प्रश्न चित्रपट उघडपणे विचारत नाही. पण दिग्दर्शकांनी इतका वेळ तिच्या घरात घालवला आहे, की तो आपोआप पडतो.

'कुंकू' (१९३७) हा व्ही. शांताराम यांचा मला सर्वाधिक आवडणारा चित्रपट आहे आणि याच चित्रपटात त्यांची खोडही उघडी पडते. म्हाताऱ्या, विधुर वकील काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा या लग्नाला नकार देते, आणि तो नकार ती भाषणाने नव्हे, तर वागण्याने देते. देशात असहकार हा शब्द सर्वतोमुखी झालेला असताना, तो माजघरात आणि शेजघराच्या उंबऱ्यावर कसा दिसेल हे या चित्रपटाने दाखवले. शांता आपटे यांच्या डोळ्यांतला राग नाटकी नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती त्याला छडीने झोडपते, तो प्रसंग पाहताना आजही बरे वाटते. केशवराव दाते यांचे काकासाहेब हे तर अभिनयाचे नवल आहे, कारण खलनायक व्हायला हवा असलेला माणूस ते हळूहळू दयनीय करतात. भिंतीवरचे घड्याळ, आरसा, छत्री या वस्तू जवळजवळ पात्रे होतात. जोवर शांताराम वस्तू, सावल्या आणि आवाज यांच्याशी खेळतात तोवर त्यांच्यासारखा दिग्दर्शक नाही. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी घरी आल्यावर मात्र मंडळी स्थिर उभी राहतात आणि विचारांची देवाणघेवाण सुरू होते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजपे यांच्या या कन्येने संततिनियमनासाठी प्रत्यक्ष आयुष्यात केलेले काम फार मोठे आहे. तिच्याविषयी पूर्ण आदर राखूनही ते प्रसंग मला एखाद्या परिषदेच्या इतिवृत्तासारखे वाटतात. शेवटी काकासाहेब आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात, ही तर गोष्टीने स्वतःच्या प्रश्नापासून काढलेली पळवाट आहे. म्हातारा मेला नसता तर नीरेने काय केले असते, हे पाहायला मला आवडले असते.

'माणूस' (१९३९) याविषयी थोडक्यात : पहिला अर्धा भाग उत्तम, कारण पोलीस गणपत आणि मैना यांची गाठ एका धाडीत पडते आणि दोघेही आपापल्या धंद्याची माणसे म्हणून वागतात. 'शेजारी' (१९४१) मात्र मला पूर्ण आवडत नाही. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोन म्हाताऱ्यांचे बुद्धिबळ, त्यांचे रुसवे, त्यांचा अबोला हे सर्व सुरेख. परंतु धरण फुटण्याचा शेवट इतका भव्य आहे, की त्या आवाजात दोन शेजाऱ्यांचे साधे दुःख ऐकू येत नाही.

'श्यामची आई' (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेला पहिला चित्रपट. त्याविषयी वाईट बोलणे म्हणजे आपल्याकडे घरच्या देवाविषयी वाईट बोलण्यासारखे आहे. मी वाईट बोलत नाही. वनमाला यांचा संयम मोठा आहे. 'सिकंदर'सारख्या हिंदी चित्रपटाची ही देखणी नायिका येथे इतकी साधी होते, की ओळखू येऊ नये. माझी तक्रार एवढीच, की आई प्रत्येक प्रसंगाचे तात्पर्य सांगते. पुस्तकात ते चालते, कारण तिथे मोठा झालेला श्याम आठवणी सांगत असतो. पडद्यावर मुलाला विहिरीवर ओढत नेणारी आई दिसल्यानंतर ती असे का वागली हे पुन्हा ऐकवण्याची गरज नसते.

आणि शांताराम यांचाच 'पिंजरा' (१९७२), तमाशाच्या नादाने घसरलेल्या गावच्या मास्तरांची गोष्ट. गाणी जगदीश खेबूडकर आणि राम कदम यांची. त्यांच्याविषयी दुमत नाही. परंतु मास्तरांचे अधःपतन हे आधी ठरलेल्या जिन्याने उतरल्यासारखे होते. पहिल्या दृश्यात ते इतके आदर्श आहेत, की माणूस म्हणून त्यांची ओळखच होत नाही. मग त्यांचे पडणे मला का लागावे? संध्या यांच्या हालचालींत प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची जाणीव आहे. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहिलेला माणूस ही कल्पना मात्र विलक्षण आहे आणि ती डॉ. श्रीराम लागू यांनी एका शब्दाचाही अतिरेक न करता पेलली आहे. एवढ्या एका कल्पनेसाठी बाकीचे सगळे सोसावे का, याचे उत्तर मी 'नाही' असे देते.

आपली मते अवश्य लिहावीत. कुणाला पुरस्कार मिळाला आणि कोण किती मोठे होते, यापेक्षा पडद्यावर काय दिसते याविषयी लिहिलेत तर अधिक आनंद होईल.


खडूचा तुकडा :

लेख आवडला, 'पिंजरा'विषयीचा परिच्छेद मुळीच आवडला नाही. हा चित्रपट मी पहिल्यांदा तंबूत पाहिला. आजूबाजूला बसलेल्या मंडळींना तमाशा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती आणि गावचे गुरुजी म्हणजे काय हेही. गुरुजी पहिल्या दृश्यात अतिआदर्श वाटतात असे आपण म्हणता. परंतु त्या काळी खेड्यातल्या शिक्षकाकडे गाव ज्या नजरेने पाहत असे तीच नजर तिथे कॅमेऱ्याची आहे. मी स्वतः आयुष्यभर शिक्षकी केली आहे. गावाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला साधा पान खाण्याचाही चोरटेपणा कसा वाटू लागतो, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तमाशाच्या फडात हरकाम्या झालेला तो माणूस, आपल्याच नावाचा जयघोष गावात चालू असल्याचे पाहतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. गावाला माणूस नको होता, पुतळा हवा होता. आणि पुतळा शाबूत राहावा म्हणून माणसाने फासावर जायचे ठरवले.

या कथेवर 'द ब्लू एंजल' या १९३० सालच्या जर्मन चित्रपटाची छाया आहे, हे सर्वश्रुत आहे. पण स्वतःच्याच खुनाचा आरोपी हा जो पेच आपल्याला आवडला, तोच या गोष्टीला मराठी मातीत रुजवतो, असे मला वाटते. आणि आपल्याच निकषाने पाहायचे तर तमाशाच्या फडाइतके हाताला काम दुसरे कुठे आहे? राहुट्या, सामान, चाळ, ढोलकी, मुक्काम हलवणे. हे सगळे तिथे आहे.


मागची खुर्ची :

गुरुजी, पुतळ्याविषयीचे आपले म्हणणे मोलाचे आहे आणि चित्रपटाच्या उत्तरार्धाला ते पूर्णपणे लागू पडते. पूर्वार्धाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. गाव त्यांना पुतळा समजते हे दाखवताना दिग्दर्शकानेही त्यांना पुतळाच समजावे, हे मला पटत नाही. एकदा तरी ते एकटे असताना, कुणी पाहत नसताना, कसे वागतात ते दिसायला हवे होते. फडाविषयी म्हणाल, तर 'पिंजरा'तला फड मला नेहमी नुकताच इस्त्री करून आणल्यासारखा दिसतो. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'मधील (१९५९) फड त्यापेक्षा कितीतरी अधिक वापरातला वाटतो. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला तो केवळ 'बुगडी माझी सांडली गं'च्या जोरावर नव्हे.


तिसरी घंटा :

निकष आकर्षक आहे, पण 'सिंहासन' त्यात बसवून दाखवावा. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट (१९७९) म्हणजे अथपासून इतिपर्यंत बोलणे आहे. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. पात्रे डझनावारी, आणि त्यांतले जवळजवळ प्रत्येक जण खुर्चीत बसून, गाडीत बसून किंवा फोन कानाला लावून बोलत असते. तरीही चित्रपट जुना झालेला नाही. उलट दर निवडणुकीनंतर तो पुन्हा ताजा होतो, आणि ते आपल्या राजकारणाला फारसे भूषणावह नाही.

माझ्या मते भेद हाताला काम असण्या-नसण्याचा नाही. संवाद कशासाठी लिहिला आहे, हा खरा भेद आहे. 'शेजारी'तले पात्र मनात असलेले सांगण्यासाठी बोलते. 'सिंहासन'मधले पात्र मनात असलेले लपवण्यासाठी बोलते. अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री एकाही प्रसंगात मनातले पूर्ण बोलत नाहीत. एका निनावी फोनने सुरुवात होते आणि तिथून पुढे कोण कोणाच्या बाजूने आहे याचा हिशेब प्रेक्षकाला स्वतःच ठेवावा लागतो. तमाशापटांतून लोकप्रिय झालेल्या या नटाच्या अंगी इतका थंडपणा असेल, असे आधी कुणाला वाटले असेल? डॉ. लागू यांचे अर्थमंत्री दाभाडे महत्त्वाकांक्षेने कासावीस होतात, आणि मुख्यमंत्री मात्र जागचे हलल्यासारखेही दिसत नाहीत.

पटेल यांच्याच 'सामना'तही तेच. निळू फुले यांचे हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागू यांचे मास्तर हे दोघे बव्हंशी बसलेले आहेत, समोर बाटली आहे, आणि सगळा सामना बोलण्यातून चालला आहे. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एक प्रश्न मास्तर विचारत राहतात. त्यात उपदेश शून्य आहे. गुन्ह्याविषयी, सत्तेविषयी, सहकाराविषयी एकही व्याख्यान नाही. एका बेपत्ता माणसाची चौकशी आहे, आणि तिच्यामुळे अख्खा साखरेचा डोलारा हलू लागतो.


पुरचुंडी :

'माणूस' इतक्या थोडक्यात उरकलात, याचे वाईट वाटले. माझ्या दृष्टीने शांताराम यांचा तोच सर्वांत धाडसी चित्रपट आहे, 'कुंकू'पेक्षाही. नीरेच्या बाजूने सहानुभूती असणे सोपे होते. बालाजरठ विवाह वाईट, याविषयी १९३७ साली सुशिक्षित प्रेक्षकांत एकमत होत आले होते. मैना ही वेश्या आहे, तिला कुणी सोडवावे अशी ती याचना करत नाही, आणि तिला सोडवायला निघालेला भला पोलीस तिच्यापेक्षा अधिक गोंधळलेला आहे. 'कशाला उद्याची बात' हे गाणे आपण रेडिओवर इतके ऐकले आहे, की ते कुठे येते हे विसरलो आहोत. ते गिऱ्हाइकांसमोर म्हटलेले गाणे आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी ती निरनिराळ्या भाषांत तेच कडवे म्हणते, आणि शांता हुबळीकर यांचे हसणे प्रत्येक भाषेत तितकेच व्यावसायिक आहे. आपला निकष लावायचाच तर मैना त्या गाण्यात काम करते आहे, नोकरीवर आहे. प्रेमगीतांची टिंगल करणारा जो प्रसंग पुढे येतो, बॉम्बे टॉकीजच्या धाटणीच्या बागेतल्या प्रणयाची ती नक्कल, तोही याच हिशेबाने पाहावा. प्रेम म्हणजे झाडाखाली गाणी म्हणणे असे ज्यांना परवडते त्यांची ती थट्टा आहे.

आणि गणपत तिला आपल्या देवभोळ्या आईसमोर नेतो, तेव्हा आई तिला झिडकारत नाही. झिडकारले असते तर सोपे झाले असते. आई तिला प्रेमाने घरात घेते आणि त्यामुळेच मैनेला तिथे उभे राहवत नाही. या एका प्रसंगासाठी मी 'माणूस' पुन्हा पुन्हा पाहते. शांताबाईंनी पुढे आत्मचरित्र लिहिले त्याला याच गाण्याचे नाव दिले. त्यांचे उतारवय कसे गेले हे ज्यांनी वाचले आहे त्यांना ते हसणे आता वेगळे दिसेल.

'श्यामची आई'विषयी मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, किंबहुना आपण सौम्यच लिहिले आहे. त्या आईला एकदाही स्वतःसाठी काही हवे आहे असे दिसत नाही. जिजाईला निदान नवऱ्याचा राग तरी येतो.


खडूचा तुकडा :

पुरचुंडीताई, राग येत नाही म्हणून ती आई खोटी ठरत नाही. कर्जात बुडालेल्या खोताच्या घरात, सावकाराचा माणूस ओटीवर बसलेला असताना, ज्या बाईला पोरांसमोर आवाज चढवता येत नाही तिचा तो संयम आहे. वर्गात हा चित्रपट दाखवल्यावर मुले 'छडी लागे छमछम'ला हसतात आणि नंतर गप्प होतात. एवढे एका चित्रपटाला पुरेसे आहे.


नादखुळा :

'कुंकू'विषयी लिहिताना धागालेखिकेने 'आवाज' असा ओझरता उल्लेख केला आहे. तो विषय एवढ्यावर सोडण्यासारखा नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते सगळे त्या घरातून किंवा रस्त्यावरून येते. गाणे आले तर ते ग्रामोफोनवर वाजत असते किंवा कुणीतरी प्रत्यक्ष म्हणत असते. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती, प्रत्येक निर्मात्याला चित्रपटात जास्तीत जास्त गाणी घालण्याचा सोस होता, आणि केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना ही मंडळी गप्प राहण्याचा निर्णय घेतात. काकासाहेब एकटे असताना घड्याळाची टिकटिक ऐकावी. तिथे सारंगी वाजली असती तर आपल्याला त्यांची कीव आली असती आणि प्रकरण मिटले असते. टिकटिक ऐकताना कीव येत नाही, भीती वाटते. शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाण्याच्या रूपाने घातली आहे, तो प्रयोग मात्र मला आजही अवघडल्यासारखा वाटतो.

'संत तुकाराम'ला संगीत भोळे यांचेच आहे. 'आधी बीज एकले' हे पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. पण ते इतके बेमालूम उतरले, की जाणकारांनीही ते गाथेत शोधले. पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गायकनट असूनही येथे तानेची हौस करत नाहीत. नाटकातला गायक पडद्यावर येऊन इतका साधा गातो, याचे श्रेय कुणाचे, भोळे यांचे की ध्वनी सांभाळणाऱ्या दामले यांचे, यावर वाद घालायला मला आवडेल. माझे मत दामले यांच्या बाजूने आहे.


पडवी :

एक गोष्ट या चर्चेत यायला हवी. 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' हे तिन्ही चित्रपट प्रभातने हिंदीतही केले : 'दुनिया न माने', 'आदमी' आणि 'पडोसी'. मी 'शेजारी' आणि 'पडोसी' लागोपाठ पाहिले आणि मला 'पडोसी' अधिक भिडला. दोन्हींत मिर्झा गजानन जागीरदार यांनी केला आहे. मराठीत त्यांच्यासमोर केशवराव दाते आहेत. हिंदीत हिंदू ठाकूर मझहर खान यांनी केला आहे. म्हणजे हिंदीत मुसलमानाची भूमिका हिंदू नटाकडे आणि हिंदूची मुसलमान नटाकडे. पाकिस्तानच्या मागणीचा ठराव १९४० साली झाला आणि पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला, हे लक्षात घेतले तर त्या पात्रयोजनेत उपदेशाचे एकही वाक्य न बोलता जे सांगितले आहे ते ध्यानात येईल.

धरण फुटण्याच्या शेवटाविषयी मीही साशंक आहे. पण 'लखलख चंदेरी' या गाण्यात सगळे गाव नाचते, त्यानंतर काहीतरी तितक्याच मोठ्या मापाचे मोडणे भाग होते. तो चित्रपट पूर्ण करून शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि १९४२ साली त्यांनी राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था उभारली. त्यामुळे दोन म्हाताऱ्यांचा तो अबोला पाहताना मला राहून राहून प्रभातच्या भागीदारांची आठवण येते. ही माझी कल्पना आहे, पुरावा काही नाही.


मागची खुर्ची :

तिसरी घंटा यांचा आक्षेप बिनतोड वाटावा असा आहे, तरी मी तो सहजासहजी मान्य करणार नाही. 'सिंहासन'मधली माणसे बोलतात, कारण बोलणे हेच त्यांचे काम आहे. फोन करणे, आमदार मोजणे, पत्रकाराला अर्धी बातमी पुरवणे, संपाची धमकी देणे. मुख्यमंत्र्यांच्या कचेरीत हाताला दुसरे कोणते काम असते? निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस हा एकटाच असा आहे, की ज्याला ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि शेवटी त्याचे जे होते ते त्यामुळेच होते. ते हसणे पाहून मला रात्रभर झोप लागली नव्हती. मात्र संवाद सांगण्यासाठी आहे की लपवण्यासाठी, हा आपला भेद माझ्या निकषापेक्षा धारदार आहे, आणि मी तो येथून पुढे खुशाल वापरणार आहे.

पुरचुंडी यांनी 'माणूस'मधल्या गाण्याविषयी लिहिले आहे ते वाचून तो भाग पुन्हा पाहिला. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मैना नुसते शब्द बदलत नाही. बसण्याची ढब, मान, पदर हे सगळे गिऱ्हाईक पाहून बदलते. 'माणूस' मी वर आणायला तयार आहे, 'कुंकू'च्या शेजारी.

हाताला काम या मुद्द्यावर एका चित्रपटाचे नाव अजून कुणी घेतले नाही, म्हणून मीच घेते : 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, ठाकर समाजातली गोष्ट, मोहन आगाशे यांचा ढोल वाजवणारा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी. कवी ना. धों. महानोर आणि संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांच्या गाण्यांनी तो झाकोळून गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक 'नभ उतरू आलं' आठवतात आणि कड्यावर दोराला लोंबकळत पोळे काढणारा माणूस विसरतात. राणी माशीवर सूड घ्यायचा, हे वाचताना पोरकट वाटेल. पण धूर, दोर, मधाचे पोळे आणि खाली उभी असलेली चिंधी हे पाहताना त्या हट्टावर विश्वास बसतो. गाणी थोडी कमी असती तर हा चित्रपट 'संत तुकाराम'च्या पंक्तीला बसला असता. आता मला नादखुळा यांच्याकडून बोलणी खावी लागणार.


नादखुळा :

बोलणी खावीच लागतील. 'जैत रे जैत'मध्ये गाणी कमी करायची म्हणजे नाग्याच्या गळ्यातला ढोल काढून घ्यायचा. तो भगताचा पोर आहे. वाजवणे हे त्याचे काम आहे, हे आपल्याच निकषाने आपल्याला मान्य करावे लागेल. 'मी रात टाकली'पुरता आपला आक्षेप मी समजू शकतो, कारण तिथे गोष्ट थांबते. बाकीच्या ठिकाणी गाणे संपते तेव्हा नाग्या आणि चिंधी आधी होते तिथे नसतात.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर 'गुळाचा गणपती'कडेही (१९५३) एकदा पाहावे. पु. ल. देशपांडे यांचा तो चित्रपट विनोदी म्हणून गणला जातो. मला त्यातला विनोद आज बराचसा संथ वाटतो. पण 'इंद्रायणी काठी' सुरू होते तेव्हा भीमसेन जोशी यांचा आवाज त्या साध्याभोळ्या गोष्टीच्या डोक्यावरून कुठल्या कुठे निघून जातो. गाणे चित्रपटापेक्षा मोठे झाले तर तो चित्रपटाचा दोष मानायचा का, यावर आपले आणि तिसरी घंटा यांचे मत वाचायला आवडेल.


तिसरी घंटा :

माझ्या मते तो दोषच आहे, पण असे दोष आणखी दहा चित्रपटांत असते तर मी तक्रार केली नसती. 'गुळाचा गणपती'तील नारायण मला संथ वाटत नाही. तो उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, त्या थांबण्यात विनोद आहे. छोट्या पडद्यावर, मध्येच फोन पाहत, तो क्षण निसटतो. चित्रपटगृहात चार लोकांबरोबर पाहिल्यास लोक नेमके तिथेच हसतात. पुण्यात असा खेळ कुठे लागणार असल्याचे कुणाला कळले, तर या धाग्यावर जरूर कळवावे.